घरच्या पाककृतींची वंशावळ

मनुष्य आजारातून उठला, लांबच्या प्रवासाहून शिणून आला किंवा एखाद्या दुःखाने खचून बसला, म्हणजे तो पंचपक्वान्ने मागत नाही. त्यास गुरगुट्या भात, वर साजुक तुपाची धार, चिमूटभर मीठ आणि मेतकूट एवढे पुरते. कोकणात व गोव्यात हेच काम उकड्या तांदळाची पेज करते. देशावर कोणास कुळथाचे पिठले आठवते, कोणास दुधात कुसकरलेली भाकरी, कोणास ज्वारीची आंबील. लग्नामुंजीच्या पंक्तीतील जिलबी जिभेस हवी असते. हे साधे अन्न जिवास हवे असते. सणाच्या पक्वान्नांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. या मायेच्या अन्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ते रोजचे, आणि रोजच्या वस्तूस इतिहास असतो हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

तथापि या अन्नाविषयी प्रत्येक घराचा अभिमान मात्र मोठा असतो. 'मेतकूट खावे तर आमच्या घरचे', 'गोडा मसाला म्हणजे आमच्या आजीचा', 'ही आमच्या घराण्याची कृती' अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत, आणि बोललीही आहेत. ही घराण्याची कृती घराण्यात आली कोठून, किती पिढ्यांपूर्वी आली आणि टिकली कशी, हा प्रश्न आम्हांस काही वर्षांपूर्वी एका क्षुल्लक कारणाने पडला. त्याचा माग काढता काढता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कारण घडले ते असे. आमच्या घरी मेतकूट करण्याचे काम आजीकडे असे. तिचे माप म्हणजे एक जुने पितळी चिपटे. कधी काळी उंबऱ्यावर आपटून त्याची एक बाजू आत चेपली होती. हरभऱ्याची डाळ चार चिपटी, तांदूळ दोन, उडदाची डाळ एक, गहू अर्धे. एवढे ती मोजून घेई. पुढचे जिन्नस, म्हणजे मेथी, मोहरी, धने, जिरे, सुंठ, हळद व हिंग, मुठीने आणि चिमटीने पडत. ही कृती घराबाहेर जाऊ द्यावयाची नाही, अशी आमच्या थोरल्या काकूंची सक्त शिस्त होती. शेजारच्या कोणी विचारलेच, तर सांगताना एखादा जिन्नस हातचा राखावयाचा, म्हणजे नाहीही म्हटले नाही आणि दिलेही नाही. आजी गेली त्यास आता अर्धशतक होऊन गेले. पुढे वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला आणि ते चिपटे इतर पितळेबरोबर मोडीत गेले. काकूही गेल्या. मग एके दिवशी घरात आजारी माणसास मेतकूट हवे झाले, आणि आठवणीतल्या प्रमाणावरून आम्ही ते करू गेलो, तर हाती आली ती केवळ एक कडवट भुकटी.

चूक कोठे झाली हे विचाराअंती कळले. जुन्या मापांत दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली होत असे. परंतु हा शेर सर्वत्र सारखा नव्हता. एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेत कमीजास्त भरे. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला, आणि पुढील काही वर्षांत चिपटी-मापटी फळीवरून खाली उतरली. व्यापारास व न्यायास हे उपकारकच झाले, यात शंका नाही. परंतु माजघरातील विद्या त्या मापांना बांधलेली होती. धान्यांचे आपसांतील प्रमाण कोणत्याही भांड्याने जमते. मुठीने पडणाऱ्या मेथीचे प्रमाण जमावयाचे, तर मूठही तीच लागते आणि चेपलेले चिपटेही तेच लागते. दोन्ही गेल्यावर शब्द तेवढे उरले, आणि नुसत्या शब्दांनी मेतकूट होत नाही.

ही एका घराची लहानशी हानी होय. परंतु तिच्यामुळे आम्हांस मोठ्या प्रश्नाकडे वळणे भाग पडले. जी विद्या कागदावर नाही, जिचे माप मोडीत जाऊ शकते, ती इतकी शतके चालत आली तरी कशी?

जुन्या काळी पाककृती लिहिल्या गेल्या त्या राजांसाठी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. त्या काळी आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग या राजाच्या सत्तेखाली होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने या ग्रंथाचे तीन भाग १९२५, १९३९ व १९६१ साली प्रसिद्ध केले. त्यात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना 'अन्नभोग' या प्रकरणात मांडे, वडे, डोशासारखे धोसक, मांसाचे नाना प्रकार इत्यादी पदार्थ सांगितले आहेत. त्यातील 'इडरिका' वाचताना मन थबकते. नाव तर आपल्या इडलीचे दिसते. परंतु ती केवळ उडदाची आहे, तांदळाचा तीत पत्ता नाही. अर्थात नाव टिकले आणि पदार्थ बदलला. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची इडली आज कोणी पानात वाढली, तर ती इडली नव्हे म्हणून आपण बाजूस सारू. याच ग्रंथात भाजलेल्या उंदरांचीही कृती आहे; तीवरून 'पूर्वजांचे अन्न' म्हणून आपण ज्याचा सरसकट गौरव करतो, त्यात किती निवड आपण नकळत केलेली असते, हेही दिसून येते.

यानंतरचा मोठा ठेवा मराठी राज्याच्या दक्षिणेकडील शाखेत सापडतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी इ. स. १६७६ च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले. त्यांची राणी दीपाबाई विद्येची चाहती होती. तिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. ग्रंथ संस्कृत, परंतु त्याच्या आडून मराठी स्वयंपाकघर सारखे डोकावत असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी आपल्या आहारेतिहासाच्या लेखांत या ग्रंथाचे महत्त्व प्रथम विद्वानांच्या नजरेस आणले, आणि जिलबीचा माग काढताना त्यातील कृतीचा आधार घेतला. आपल्या पंक्तीचा मान असलेली ही जिलबी नावाने अरबी 'झलाबिया'च्या कुळातली आहे, हे आता सर्वमान्य आहे. पुढे याच तंजावरात दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळी 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत सिद्ध झाले. ते तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने जपून ठेवले.

हे ग्रंथ मोलाचे आहेत. परंतु त्यांत राजाचे नाव आहे, पंडिताचे नाव आहे. चुलीपाशी बसलेल्या हातांचे नाव नाही. ज्या बाईने वा आचाऱ्याने पंडितास पाक किती तारी घ्यावा हे दाखविले असेल, तो वा ती इतिहासाच्या बाहेरच राहिली.

लोकांच्या आठवणीने मात्र निराळीच गोष्ट जपली. मुक्ताबाईच्या मांड्यांची आख्यायिका मराठी घरांत कोणास ठाऊक नाही? ज्ञानेश्वरांना मांडे खाण्याची इच्छा झाली. विसोबाच्या धाकाने कुंभारांनी खापर देण्याचे नाकारले. मुक्ताई रडत परतली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि बहिणीने तीवर मांडे भाजले. आख्यायिका ही इतिहास नव्हे. परंतु समाजास काय लक्षात ठेवावेसे वाटले, हे ती सांगते. 'मानसोल्लासा'तील मांडे राजाच्या भोगासाठी होते. लोकांनी स्मरणात ठेवलेले मांडे वाळीत टाकलेल्या पोरक्या भावंडांचे आहेत. पदार्थ तोच, एका ठिकाणी तो वैभव आहे, दुसऱ्या ठिकाणी माया आहे. आम्ही ज्यास मायेचे अन्न म्हणतो त्याचे सारे मर्म या भेदात आहे.

आता घरातील सर्वांत सोवळ्या ताटाकडे वळू. एकादशीची साबुदाण्याची खिचडी हा आपल्या घराघरांतील जिव्हाळ्याचा पदार्थ. कित्येकांस उपवास प्रिय तो तिच्याचमुळे. परंतु तिच्या जिन्नसांची कुळे पाहू लागलो तर आश्चर्य वाटते. मिरची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज दर्यावर्दी इकडे आल्यावर, म्हणजे सोळाव्या शतकात, ती येथे रुजली. तिला आपण नाव दिले ते आपल्या मिऱ्यावरून. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा मूळचा पेरूच्या पर्वतांतला, आणि त्याचे मराठी नाव सरळ पोर्तुगीज भाषेतून आलेले. काजू, पपई, अननस आणि पाव हे शब्दही त्याच वाटेने आले. साबुदाणा हे नाव मलाया बेटांतील 'सागू' या ताडवृक्षाच्या गाभ्यावरून पडले. आज आपण जो साबुदाणा खातो तो ताडाचा नव्हे, तर मूळच्या ब्राझील देशातील एका कंदाचा. तामिळनाडूतील सेलम येथे त्याचे कारखाने १९४३ च्या सुमारास दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी माल बंद पडला तेव्हा उभे राहिले. उपवासाच्या ताटात वरी तेवढी येथली जुनी रहिवासी. बाकी मंडळी समुद्र ओलांडून आलेली. ज्या काळी समुद्र ओलांडणाऱ्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या काळी समुद्र ओलांडून आलेला बटाटा देवघराशेजारच्या चुलीवर निर्वेधपणे शिजत होता.

आणि आमचे मेतकूट? त्यात मिरची नाही. सुंठ, मोहरी, मेथी यांचाच तिखटपणा व कडवटपणा त्यात आहे. यावरून आम्ही काही काळ अशी समजूत करून घेतली होती की, निदान हा तरी पदार्थ अथपासून इतिपर्यंत आपला. परंतु हिंगाने ती समजूत फोल ठरविली. हिंग शतकानुशतके इराण व अफगाणिस्तानातून येत आला. भारतात त्याच्या लागवडीचा पद्धतशीर प्रयोग हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात सुरू झाला तो अगदी अलीकडे, २०२० साली. म्हणजे आजीच्या मेतकुटातही काबूलच्या वाटेवरील कोण्या व्यापाऱ्याचा वाटा होताच.

यात कमीपणा मानण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. परकीय जिन्नस आला, आपल्या बायकांनी तो हाती घेतला, त्यास आपल्या फोडणीचा संस्कार केला आणि दोन-तीन पिढ्यांत तो माहेरचा झाला. घेण्याची ही ताकद म्हणजेच आपली परंपरा. परंतु घेणे हे देण्यावाचून होत नाही. साबुदाणा कसा भिजवावा म्हणजे त्याचा लगदा होणार नाही, हे पहिल्यांदा कोणीतरी कोणास तरी सांगितलेच असेल. ते सांगणे ओट्यावर, आडावर, माहेरवाशिणीच्या पाठवणीच्या वेळी झाले. पंगती जातीजातींच्या वेगळ्या होत्या. पाणीदेखील शिवाशिवीच्या भिंतीपाशी अडत असे. तरीही कित्येक कृतींनी ती भिंत बोलण्याबोलण्यातून ओलांडली. जेथे माणसे एकत्र जेवू शकत नव्हती, तेथेही त्यांच्या घरांतील चव पुष्कळदा एक झाली, ही गोष्ट सुखाची आहे. आणि चव एक होऊनही माणसे एका पंक्तीस बसू शकली नाहीत, ही तितकीच लाजेची आहे.

छापखाना आल्यावर या सांगण्यास नवे रूप मिळाले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील छापील पाकग्रंथांत ते पहिले गणले जाते. तेव्हाही लिहिणारा पुरुषच होता. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटले. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० च्या सुमारास 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक सिद्ध केले, आणि स्वयंपाक करणारा हात व लिहिणारा हात एक झाला. एक हजार कृती एकत्र करणे म्हणजे किती घरांच्या उंबऱ्यांवर जाऊन किती जणींस विचारणे आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. १९४३ साली मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने अंबाबाई संशी यांनी संकलित केलेली 'रसचंद्रिका' प्रसिद्ध केली. ते युद्धाचे वर्ष. मुंबईत धान्याचे रेशनिंग त्याच वर्षी सुरू झाले. तांदूळ मोजून मिळत असताना एका समाजातील स्त्रियांना आपल्या घरच्या कृती लिहून ठेवाव्याशा वाटल्या, हा आम्हांस योगायोगापेक्षा अधिक काही वाटतो. ताटातील पदार्थ कमी होऊ लागले म्हणजे त्यांची आठवण अधिक जपावीशी वाटते.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' निघाले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नववधूंचे ते पुस्तक झाले. त्याचे एक मोठे वैशिष्ट्य मापांत आहे. कमलाबाईंनी प्रमाण दिले ते वाटी व चमचा यांचे. शेर गेला होता, ग्रॅम मोजण्याचा काटा घरोघर नव्हता. वाटी मात्र प्रत्येक घरी होती. चिपटे मोडीत गेल्याने जी विद्या मुकी झाली होती, तिला या वाटीने पुन्हा वाचा दिली. शिकण्याच्या व नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईहून परदेशी गेलेल्या कित्येक मराठी घरांत हे पुस्तक कपड्यांच्या घडीत बांधून नेले गेले, ते याच गुणामुळे.

परंतु येथे एक प्रश्न स्वतःस विचारल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. छापली गेली ती कोणाची चूल? वर सांगितलेली बहुतेक पुस्तके लिहित्या-वाचत्या, सुस्थित घरांतून आली. गुरगुट्या भातावर तुपाची धार हे ज्यास मायेचे अन्न वाटते, त्याच्या घरी भात होता आणि तूपही होते. ज्यांच्या घरी दोन्ही नव्हते, त्यांचे मायेचे अन्न कोणते? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून या प्रश्नास उत्तर दिले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या घरांत काय शिजे, मांसाच्या फोडी उन्हात वाळवून 'चान्या' कशा करीत, तूपदुधावाचून चव कशी साधीत, हे त्यांनी संकोच न धरता नोंदविले. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. पुस्तकाचे नावच आपणांस सांगते की, आपल्या पूर्णब्रह्माच्या व्याख्येत काही माणसे धरलेलीच नव्हती. तसेच १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर वाटली गेलेली सुकडी व परदेशाहून आलेला लाल मिलो यांची चव ज्यांच्या जिभेवर राहिली, तीही महाराष्ट्राच्या अन्नाच्या इतिहासातील नोंदच आहे. ती गोड आठवण नसेल. परंतु पोटात अन्न पडल्याची आठवण आहे, आणि ती विसरली जाऊ नये.

मुंबईच्या गिरणगावाचेही असेच आहे. कोकणातून व घाटावरून आलेले गिरणीकामगार गावकीच्या खोल्यांत दाटीने राहत; बायकामुले गावी असत. त्यांस जेवू घालीत त्या खानावळवाल्या बाया. आपल्या गावच्या माणसास आपल्या गावची आमटी व भाकरी मिळावी, ही त्या खानावळीची खरी प्रतिष्ठा होती. पैसा महिन्याअखेर येई, तोवर वाण्याचे व सावकाराचे देणे चढे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या खानावळींची वस्ती विस्कटली. हजारो माणसांना परमुलखात घरची चव देणाऱ्या त्या बायांच्या कृती कोणत्या वहीत आहेत? लाखो पाने वाढणाऱ्या हातांचे एकही पान आपणांपाशी असू नये, याचे आम्हांस वाईट वाटते.

कृती हातची राखणाऱ्यांस दोष देणे सोपे आहे. आम्हीही काकूंस मनातून पुष्कळ दोष दिला. परंतु न्यायाने पाहता त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या स्त्रीच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते, अंगावरील दागिनाही जिचा धरला जात नसे, तिची स्वतःची म्हणावी अशी मिळकत एकच, तिच्या हातची चव. ती सांगून टाकली तर घरात आपली किंमत काय उरणार, हे भय निराधार नव्हते. ज्यांनी त्यांस दुसरे काही दिले नाही, त्यांनी एवढ्यासाठी त्यांस कृपण म्हणू नये. तथापि मिळकत कुलपात राहिली तर वारसास मिळते. विद्या कुलपात राहिली तर मालकाबरोबर जाते. हा भेद काकूंच्या ध्यानात आला नाही, आणि आम्ही विचारले नाही. दोष वाटून घ्यावयाचा, तर आमचाच वाटा मोठा ठरेल. कारण जेवताना वाहवा करणारे आम्ही पुष्कळ होतो, जवळ बसून लिहून घेणारा एकही नव्हता.

आता त्या मेतकुटाचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. वाडा असताना शेजारी एक कुटुंब राहत असे. जात वेगळी, देव वेगळे. घरोबा मात्र मोठा. त्या घरातील लेक आता वृद्ध झाल्या आहेत. एका कार्याच्या निमित्ताने त्यांची गाठ पडली, आणि बोलता बोलता मेतकुटाची गोष्ट निघाली. त्या हसल्या व म्हणाल्या, "अहो, तुमच्या आजींनी ते माझ्या आईला कधीच सांगितलं होतं. मी लहानपणी आजारी होते तेव्हा. आईच्या वहीत आहे." आठ दिवसांनी वहीतील पानाची नक्कल टपालाने आली. जिन्नस सारे तेच. प्रमाण मात्र चिपट्याचे नव्हे, वाटीचे. शेजारणीस समजावे म्हणून आजीने आपले माप सोडून तिच्या वाटीने मोजून दाखविले असावे. मेथीपुढे लिहिले होते : 'दाणे वीस, जास्त नकोत.' आम्ही मूठभर टाकली होती. आणि पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, ती वाचून आम्ही काही वेळ स्वस्थ बसलो. 'या म्हणतात, मूळ कृती त्यांच्याकडे भाड्याने राहणाऱ्या धारवाडकडच्या बाईंची.'

म्हणजे जी कृती आमच्या घराण्याची म्हणून काकूंनी कुलपात ठेवली, ती आजीस दुसऱ्या एका बाईने मोकळ्या हाताने दिली होती, आणि आजीने तितक्याच मोकळ्या हाताने पुढे दिली होती. आमच्या घरात ती जपली गेली आणि बुडाली; दुसऱ्याच्या घरात दिली गेली म्हणून वाचली. दोन माणसांचे चांगले जुळले म्हणजे त्यांचे मेतकूट जमले असे आपण म्हणतो. ही म्हण कोणी व कशावरून पाडली असेल ती असो. आमच्या पुरता तिचा अर्थ आता पक्का झाला आहे.

तेव्हा त्या पानावरील कृती येथे देतो. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, तांदूळ एक वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, गहू पाव वाटी. धने दोन चमचे, जिरे एक चमचा, मोहरी एक चमचा, मेथीचे दाणे वीस. हे सर्व निरनिराळे, मंद विस्तवावर, तेलतुपावाचून खमंग भाजावे. घाई केल्यास डाळ वरून तांबूस दिसते व आत कच्ची राहते. निवाल्यावर त्यात सुंठ, हळद व हिंग प्रत्येकी एक लहान चमचा घालून बारीक दळावे व चाळून कोरड्या बरणीत भरावे. यात हातचे काही राखलेले नाही.

वाचकांस एवढीच विनंती की, ज्यांच्या घरी अजून सांगणारे कोणी आहे, त्यांनी या आठवड्यातच त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. प्रमाण वाटीने मोजून घ्यावे, मुठीवर सोडू नये. कृती लिहून झाल्यावर तळाशी ती आपणांस कोणाकडून मिळाली हेही लिहावे. आणि कोणी मागितली, तर पानाची नक्कल करून द्यावी.